चिंतातुर प्लीहा, भेदरलेलं मूत्रपिंड

झांग झोंगजिंग हा हान राजवटीच्या अखेरीचा, म्हणजे साधारण इ. स. २०० च्या आसपासचा चिनी वैद्य. त्याच्या नावावर असलेल्या ‘जिनग्वे याओलुए’ या ग्रंथात एका विकाराला ‘धावतं डुकराचं पिल्लू’ असं नाव आहे. ओटीपोटातून काहीतरी उसळतं, छातीतून थेट घशापर्यंत धाव घेतं, माणसाला वाटतं की आता आपण मेलोच, आणि थोड्या वेळाने ते आपसूक ओसरतं. कारण म्हणून ग्रंथात भीती आणि अचानक बसलेला धसका एवढंच सांगितलं आहे. आजही मध्यरात्री छाती धरून आलेला एखादा तरुण इस्पितळात पोहोचतो, कार्डिओग्राम स्वच्छ निघतो, आणि ‘काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका’ एवढं ऐकून तो पहाटे घरी परततो. त्याला नेमकं काय झालं होतं, हे त्या अठराशे वर्षांपूर्वीच्या चार ओळींत त्या ‘काही झालेलं नाही’पेक्षा जास्त अचूक लिहिलेलं आहे.

त्याच ग्रंथात घशात भाजलेल्या मांसाचा तुकडा अडकल्यासारखं वाटणाऱ्या बाईचं वर्णन आहे. गिळता येत नाही, थुंकता येत नाही, आणि घशात तर काहीच नसतं. पुढच्या वैद्यांनी मांसाच्या जागी आलुबुखाराची बी आणली आणि विकाराला तेच नाव पडलं. त्यावरचा काढा जपानमध्ये आजही डॉक्टर लिहून देतात आणि तो राष्ट्रीय आरोग्य विम्यात बसतो. विनाकारण रडू येणाऱ्या बाईसाठी ज्येष्ठमध, गहू आणि लाल खजुरासारखं दिसणारं चिनी बोर उकळून द्यावं असं सांगितलं आहे. चिंतेने झोप उडालेल्यांसाठी त्याच कुळातल्या आंबट रानबोराच्या बियांचा काढा आहे.

ही निरीक्षणं वाचताना दाद जाते. पण पारंपरिक वैद्यकाबद्दल बोलताना आपल्याकडे एक घोटाळा नेहमी होतो. वर्णन अचूक आहे म्हणून कारणमीमांसाही खरी, आणि कारणमीमांसा खरी म्हणून औषध लागू, अशी एकामागून एक सवलत दिली जाते. या तीन गोष्टींचा एकमेकींशी तसा काही करार नाही. माझं मत विचाराल तर चिंता हा विकार चिनी वैद्यकाने फार चांगला पाहिला, त्याची कारणं वाईट सांगितली, आणि त्यावरचा आपला सगळ्यात उत्तम उपचार स्वतःच अडगळीत टाकला. आज ‘पारंपरिक चिनी वैद्यक’ म्हणून जगभर जे मिळतं त्यात तो उपचार बहुधा सापडणार नाही.

आधी कारणमीमांसा पाहू. इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकांत आकाराला आलेला ‘हुआंगडी नेइजिंग’ हा या वैद्यकाचा मूळ ग्रंथ. त्यात प्रत्येक भावनेला शरीरात घर दिलं आहे. राग यकृतात, हर्ष हृदयात, शोक फुप्फुसात, भीती मूत्रपिंडात आणि अतिविचार प्लीहेत. शरीरभर ‘ची’ नावाची प्राणशक्ती फिरते आणि भावना तिची दिशा बिघडवतात: रागाने ती वर चढते, भीतीने खाली उतरते, धसक्याने सैरावैरा होते, विचार करकरून तिची गाठ बसते. बाराव्या शतकात चेन यान या वैद्याने रोगकारणांची नवी वर्गवारी केली आणि हर्ष, क्रोध, चिंता, विचार, शोक, भीती, धसका या सात भावनांना ‘आतली कारणं’ म्हणून थंडी-वाऱ्यासारख्या बाहेरच्या कारणांच्या बरोबरीने बसवलं. तेव्हापासून चिंतेचा रुग्ण आला की वैद्य नाडी पाहतो, जीभ पाहतो, भूक-झोप-शौच-पाळी विचारतो आणि मग यकृताची ची तुंबली आहे, हृदय आणि प्लीहा दोन्ही रोडावली आहेत, असं काही निदान करतो. औषध रोगाच्या नावावर न ठरता या निदानावर ठरतं. म्हणून धडधड होणाऱ्या दोन रुग्णांना दोन वेगळे काढे मिळू शकतात.

रुग्णाच्या बाजूने पाहिलं तर यात फार मोठी सोय आहे. ‘तुमच्या मनात दोष आहे’ असं त्याला कोणी म्हणत नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी १९८० साली चांगशा इथल्या हुनान वैद्यकीय महाविद्यालयात ‘शेनजिंग श्वाइरुओ’, म्हणजे मज्जातंतूंचा अशक्तपणा, असं निदान झालेले शंभर रुग्ण तपासले. हे निदान मुळात अमेरिकेतलं, न्यूयॉर्कच्या जॉर्ज बिअर्ड यांनी १८६९ साली रूढ केलेलं. जपानमार्गे ते चीनमध्ये आलं आणि अमेरिकेने ते टाकून दिल्यावरही तिथे टिकलं. शंभरातले ८७ रुग्ण अमेरिकी निकषांप्रमाणे तीव्र नैराश्याचे निघाले. पण तक्रारी होत्या डोकेदुखीच्या, चक्कर येण्याच्या, झोप न लागण्याच्या. खोदून विचारलं की मागून सांस्कृतिक क्रांती बाहेर यायची: शिक्षण सोडून खेड्यात धाडलेली तरुण वर्षं, जाहीर अपमान, नको त्या गावी मिळालेली आणि बदलता न येणारी नोकरी. हे उघड बोलणं तेव्हा धोक्याचं होतं. डोकं दुखतं म्हणण्यात धोका नव्हता.

क्लाइनमन यांनी त्यांना नैराश्यावरच्या आधुनिक गोळ्या दिल्या. लक्षणं बऱ्याच जणांची कमी झाली, तरी कामाचा आणि घरचा गुंता सुटेपर्यंत अनेकांचं दवाखान्यात येणं थांबलं नाही. चिनी रुग्णाला भावना ओळखता येत नाहीत म्हणून तो शरीर पुढे करतो, असा एक उर्मट निष्कर्ष या प्रकारच्या अभ्यासांवरून पुष्कळांनी काढला. मला तो पटत नाही. कुणापुढे काय बोलायचं हे त्या माणसांना नीट कळत होतं, आणि प्लीहा-यकृताची भाषा त्यांना ते बोलू देत होती.

ही सोय मान्य केली तरी तिची किंमत बघायला हवी, कारण भीतीला शरीरात घर देणारी भाषा नवी भीतीही घडवते. मूत्रपिंडात भीती राहते तसंच, या वैद्यकाप्रमाणे, पुरुषाचं सत्त्वही तिथेच साठतं आणि वीर्याबरोबर ते जातं. ‘शेनकुई’, म्हणजे मूत्रपिंडाचा ऱ्हास, या निदानाच्या धास्तीने थकवा, कंबरदुखी, घाबरटपणा घेऊन येणारे तरुण चीन आणि तैवानच्या दवाखान्यांत पिढ्यान्‌पिढ्या दिसत आले आहेत. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. लोकलच्या रुळांकडेच्या भिंतींवर ‘गुप्तरोग, धातूदौर्बल्य’ अशा जाहिराती रंगवणाऱ्यांचा धंदा याच धास्तीवर चालतो, आणि डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० साली तिला ‘धात सिंड्रोम’ असं वैद्यकीय नावही दिलं. चिनी प्रकरण मात्र एक पाऊल पुढे गेलं. ‘सुओयांग’ या समजुतीप्रमाणे पुरुषाचं इंद्रिय आक्रसून पोटात शिरतं आणि ते पूर्ण आत गेलं की मृत्यू येतो. १९६७ साली सिंगापूरमध्ये लस टोचलेल्या डुकरांचं मांस खाल्ल्याने असं होतं अशी अफवा उठली आणि शेकडो पुरुष, काही जण इंद्रियाला दोरी किंवा चिमटा लावून, इस्पितळात धावले. १९८४-८५ मध्ये ग्वांगडोंग प्रांतात तीच लाट आली. सिंगापूरची साथ ओसरली ती डॉक्टरांनी आणि सरकारने वर्तमानपत्रं, रेडिओ, टीव्हीवरून ‘असं काही होत नाही’ हे ठणकावून सांगितल्यावर. तिथे सिद्धांत सांभाळून उपचार झाला नाही. सिद्धांत खोटा आहे हे सांगणं हाच उपचार होता.

आता त्या अडगळीत पडलेल्या उपचाराकडे वळतो. झांग त्सोंगझेंग (११५६–१२२८) हा जिन राजवटीतला वैद्य. घाम काढणं, ओकारी काढणं, जुलाब देणं या तीन जालीम उपायांसाठी प्रसिद्ध, सभ्य वैद्यांच्या पंगतीत काहीसा दांडगा ठरलेला. ‘रुमेन शिचिन’ या त्याच्या ग्रंथात वेई देशिन नावाच्या गृहस्थाच्या पत्नीची हकिगत आहे. प्रवासात ती एका खाणावळीत माडीवर उतरली होती. रात्री दरोडेखोर आले, लुटालूट झाली, घरं पेटली, आणि ती दचकून पलंगावरून खाली पडली. तेव्हापासून कसलाही आवाज झाला की तिची शुद्ध हरपायची. घरातली माणसं पाय न वाजवता चालू लागली. वैद्यांनी हृदयाचा विकार ठरवून जिनसेंग दिलं, मोत्यांचं औषध दिलं. वर्षभर काही फरक नाही.

झांगने तिला उंच खुर्चीत बसवलं, दोन दासींना तिचे हात धरायला सांगितले आणि तिच्यापुढे एक ठेंगणं मेज ठेवलं. ‘बाईसाहेब, इकडे बघा’ म्हणून त्याने मेजावर लाकूड आपटलं. ती जोरात दचकली. तो म्हणाला, मी मेजावर लाकूड मारतोय, यात दचकण्यासारखं काय? ती सावरेपर्यंत तो थांबला, मग पुन्हा मारलं. या वेळी दचकणं कमी. मग लागोपाठ तीन-चारदा. मग काठीने दार ठोकलं. मग तिला न सांगता पाठीमागच्या खिडकीवर कुणाकडून तरी ओरखडे काढवले. हळूहळू ती निवांत झाली आणि हसून विचारू लागली, हा कसला उपचार? त्या रात्री अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत त्याने दारं-खिडक्या बडवायला माणूस बसवला. एक-दोन दिवसांत ढगांच्या गडगडाटानेही ती दचकेनाशी झाली. आधी झांगचं नाव न काढणारा तिचा नवरा पुढे जन्मभर त्याचा कैवारी झाला. झांगला वैद्यकी येत नाही असं कोणी म्हणालं तर तो म्हणे भाला घेऊन त्याच्या मागे लागायचा.

ही गोष्ट वैद्याच्याच ग्रंथातली, म्हणजे त्याच्या बाजूची. शेवटच्या भाल्याला तर मीठमसाला लागलेला दिसतोच. पण आतली पद्धत बघा. ज्याची भीती वाटते ते सुरक्षित जागी, सोसेल इतकं, कारण उघड सांगून समोर आणायचं, ओसरेपर्यंत थांबायचं, पुन्हा आणायचं, पायरी पायरीने वाढवायचं, आणि शेवटी न सांगता, खऱ्या जगात येतं तसं. मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ साली पीटर नावाच्या मुलाची सशाची भीती अशीच, ससा थोडा थोडा जवळ आणत घालवली. आज भयविकारांवर जो मानसोपचार भरपूर पुराव्यानिशी उभा आहे त्याचा गाभा हाच आहे. झांग त्यांच्या सातशे वर्षं आधीचा.

झांगला हे ‘ची’च्या सिद्धांताने सुचलं का? काही प्रमाणात हो. धसका बसला त्यावर ‘सम’ करणारा उपाय करावा, असं ‘नेइजिंग’मध्ये आहे. इतर वैद्यांनी त्यातून मन शांत करणारी औषधं काढली. झांगने अर्थ लावला की सम म्हणजे नेहमीचं. जे रोज दिसतं त्याला कोण दचकणार? हा अर्थ त्याचा होता आणि तो जीवनातून आलेला होता. मेज ठेंगणं का, याचंही कारण त्याने दिलं आहे: दचकल्यावर चित्त वर उडतं, खाली बघायला लावलं की ते खाली येतं. हे कारण बहुधा पोकळ आहे. मेज उंच असतं तरी बाई बरी झाली असती. सिद्धांतातून निघालेला तपशील निरुपयोगी आणि निरीक्षणातून निघालेला तपशील निर्णायक, असं एकाच प्रसंगात इतकं स्वच्छ दिसणं दुर्मिळ आहे.

त्याची दुसरी एक हकिगत मात्र मला बेचैन करते. अतिविचाराने दोन वर्षं झोप उडालेल्या एका श्रीमंत बाईला राग आणायचा, कारण राग विचाराला जिंकतो, असं त्याने तिच्या नवऱ्याशी संगनमत करून ठरवलं. भरपूर पैसे घेतले, काही दिवस दारू पीत बसला आणि एकही औषध न देता निघून गेला. बाई संतापली, घामाघूम झाली, त्याच रात्री झोपली, आणि म्हणे आठ-नऊ दिवस उठलीच नाही. भावनेने भावना जिंकण्याची ही यादी ‘नेइजिंग’मधलीच, भूमितीसारखी आखीव. पहिल्या प्रसंगात बहुतेक सगळं रुग्णासमोर उघड होतं, इथे सगळं लपवलं. एवढ्या फरकावरून तरी मी पहिल्याला वैद्यकी आणि दुसऱ्याला नाटक म्हणेन.

मग मेजावरचा उपचार पसरला का नाही? त्या वैद्यकात एका वैद्याचं यश दुसऱ्यापर्यंत हकिगत म्हणून जायचं, पद्धत म्हणून नाही. दहा रुग्णांवर तेच करून पाहा, दहांना नुसता काढा द्या आणि मोजा, ही कल्पनाच नव्हती. ती युरोपातही तेव्हा नव्हती. प्रतिष्ठा होती ती ग्रंथ जाणणाऱ्या, काढा लिहून देणाऱ्या वैद्याला. मेज बडवायला विद्वान कशाला हवा?

विसाव्या शतकाने उरलंसुरलं गाळलं. १९२९ साली नानजिंगच्या सरकारपुढे यू युनशिऊ यांनी जुनं वैद्यक बंद करण्याचा प्रस्ताव आणला. देशभरचे वैद्य १७ मार्चला शांघायमध्ये जमले आणि तो बारगळला. कम्युनिस्ट राजवटीला डॉक्टर कमी आणि माणसं अफाट असल्याने जुनं वैद्यक हवंच होतं, पण विज्ञानाच्या वेषात. १९५६ मध्ये बीजिंग, शांघाय, ग्वांगझोऊ आणि चेंगडू इथे त्याची चार महाविद्यालयं निघाली, पाठ्यपुस्तकं एकसाची झाली. एके काळी राजवैद्यकाच्या कारभारात मंत्रोपचाराचाही विभाग होता. तो तर केव्हाच गेला होता. आता काढे आणि सुया पुढे आल्या, कारण त्या मोजता येतात, शिकवता येतात आणि निर्यात करता येतात. माओचे खासगी डॉक्टर ली झिसुई यांनी आठवणींत लिहिलं आहे की या वैद्यकाचा पुरस्कार करणारे माओ स्वतः ती औषधं घेत नसत. त्या आठवणींवर वाद आहेत, पण धोरण आणि श्रद्धा वेगळ्या असू शकतात हे पटायला ली यांची साक्ष लागतेच असं नाही.

तेव्हा आज चिंतेसाठी सुया टोचून घेणाऱ्याला काय मिळतं? १९९८ मध्ये अँड्र्यू व्हिकर्स आणि सहकाऱ्यांनी देशवार हिशेब मांडला, तेव्हा चीनमधून आलेली ॲक्युपंक्चरची झाडून प्रत्येक चाचणी अनुकूल निघाली. इतकं यश संशय वाढवतं. चिंतेवरच्या चाचण्या बहुतेक लहान आणि ढिसाळ आहेत. सर्वात बोलका पुरावा कंबरदुखीचा आहे. जर्मनीत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत योग्य जागी सुया टोचलेल्यांपैकी ४७.६ टक्क्यांना आराम पडला, भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना, आणि नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी फक्त २७.४ टक्क्यांना. पहिल्या दोन आकड्यांनी, ची ज्यांतून वाहते असं मानतात त्या नाड्यांच्या नकाशाची विकेट काढली. तिसऱ्याने आधुनिक दवाखान्याला चिमटा काढला. आडवं पडणं, कुणीतरी अर्धा-पाऊण तास लक्ष देणं, भूक-झोपेबद्दल विचारणं, पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावणं, यातलं काहीतरी काम करत असावं, आणि चिंतेच्या बाबतीत ते जास्तच करत असेल.

काढ्यांचं तसं नाही, ते रक्तात उतरतात. रानबोराच्या बियांवर संशोधन व्हावं. तू योयो यांना २०१५ चं नोबेल ज्या हिवतापाच्या औषधासाठी मिळालं ते जुन्या ग्रंथातूनच सुचलं होतं, पण वनस्पतीतून रेणू वेगळा काढून, तपासून, मोजून. मन स्थिर करणाऱ्या जुन्या औषधांत मात्र जड खनिजांचा एक वर्ग आहे: वर उडालेलं चित्त वजनाने खाली बसवायचं, हा तर्क. जीवाश्म हाडं, शिंपले, चुंबकी दगड आणि हिंगूळ. होय, त्रिभुवनकीर्तीत पडतो तोच हिंगूळ, पाऱ्याचं गंधकाशी झालेलं संयुग. तो सहज शोषला जात नाही हे खरं, पण तापवला की पाऱ्याची वाफ सुटते, आणि पाऱ्याच्या दीर्घ विषबाधेची लक्षणं पाहा: हात कापणं, झोप जाणं, बुजरेपणा, चिडचिड, सतत धास्ती. चिंतेवरच्या औषधाने चिंता द्यावी, आणि वैद्याने ती मूळ रोगाची म्हणून मात्रा वाढवावी, अशी ही सोय आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी २०१९ मध्ये मंजूर होऊन २०२२ पासून लागू झाली, चिनी परंपरेतल्या निदानांचं स्वतंत्र प्रकरण आहे. यकृताची ची तुंबण्याला तिथे क्रमांक आहे. हे फक्त मोजणीसाठी, मान्यतेसाठी नाही, असं संघटना सांगते. जाहिरातीत हा फरक कोण छापतो? जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीत आयुर्वेद, सिद्ध आणि युनानीचा भागही त्याला जोडला गेला, तेव्हा चीनबद्दल विचारलेला प्रत्येक प्रश्न आता आपल्यालाही लागू आहे.

सुई आपल्याकडे आली ती एका जुन्या मैत्रीतून. १९३८ साली सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर ज्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, त्यातले कोलकात्याचे बिजॉय कुमार बसू पुढे १९५० च्या दशकाच्या शेवटी पुन्हा तिथे जाऊन ॲक्युपंक्चर शिकून आले. महाराष्ट्रात आज त्यासाठी स्वतंत्र कायदा आणि परिषद आहे. चिंतेसाठी कुणी या दवाखान्यात जात असेल तर त्याला मी अडवणार नाही. सुई निर्जंतुक असावी, चालू गोळ्या परस्पर बंद करायला कोणी सांगू नये, धातूची पुडी हातात पडू नये, आणि तुमचं मूत्रपिंड खचलंय असं सांगून त्याच्या चिंतेत आणखी एकीची भर घालू नये, एवढं परिषदेने पाहावं.

पण तो तिथे का जातो, हा प्रश्न परिषदेचा नाही. सरकारी इस्पितळाच्या मनोविकार विभागात सकाळपासून रांगेत बसलेल्या माणसाच्या वाट्याला डॉक्टरची काही मिनिटं येतात, आणि त्यात गोळीचं नाव लिहून होतं. भीतीला पायरी पायरीने सामोरं न्यायला आठवड्यातून एक तास, असे अनेक आठवडे लागतात, आणि ते शिकलेला समुपदेशक लागतो. तालुक्याच्या रुग्णालयात असं पद मंजूर आहे का, असेल तर भरलेलं आहे का, हे आपापल्या आमदाराला विचारायला हरकत नाही.